‘त्याचा विचार यात येत नाही’

वाचकाचे पत्र, थोडक्यात: वेंगुर्ले तालुक्यातील एका किनारी वाडीतून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करतात आणि गेली १९ वर्षे आपल्या चर्चमध्ये रविवारचा कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, वर्ग घेतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या शेजारच्या घरातला कर्ता पुरुष, रापण (किनाऱ्यावरून दोराने जाळे ओढून मिळून केलेली मासेमारी) संघातला जुना माणूस, काविळीने गेला. महिन्याच्या मिस्सेत (मृत्यूनंतर महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेत) वाचायची प्रार्थना ‘तूच लिही’ असे त्याच्या पत्नीने या भगिनींना सांगितले होते. शाळेत प्रवेशाची गर्दी आणि घरी आईचे आजारपण यांत दिवस निघून गेले, म्हणून आदल्या रात्री भाच्याच्या फोनवर त्यांनी ती एआयकडून लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वाचली तेव्हा चर्चमध्ये हुंदके ऐकू आले. बाहेर आल्यावर कुणीतरी विचारले, ‘रात्रभर बसून लिहिलंस ना?’ त्या नुसत्या हसल्या. शेजारणीने तो कागद मागून घेतला आणि आता तो तिच्या प्रार्थनापुस्तकात घडी घालून ठेवलेला असतो.

त्यानंतर दोन-तीन रविवारांनी दहावीतल्या एका मुलाने वर्गात विचारले, ‘टीचर, देवाने बुद्धी दिली म्हणून आपण त्याच्या प्रतिमेचे, असं तुम्हीच शिकवलं होतं. बुद्धी आता यंत्रालाही आहे, माझ्यापेक्षा जास्तच आहे. मग माझ्यात देवाचं असं वेगळं काय उरलं?’ त्यांना उत्तर देता आले नाही. इकडे चर्चच्या युवक मंडळाला सूचना, भाविकांच्या प्रार्थना आणि भाषांतरे एआयकडून करून घ्यायची आहेत, तर भगिनींचे थोरले चुलतभाऊ म्हणतात की हे सैतानाचे काम आहे, ते चर्चच्या आवारात नको. शेजारणीला खरे सांगावे का, मुलाला काय उत्तर द्यावे आणि चर्चमध्ये एआय असावे की नसावे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रिय ताई,

तुम्ही त्या प्रार्थनेची प्रत पत्रासोबत जोडली, हे फार बरे केले, नाहीतर मी नुसत्या तत्त्वावर बोलत राहिले असते. भाषा निर्दोष आहे. ‘अथांग सागराच्या लाटांशी झुंजणारा दर्यावर्दी’, ‘स्वर्गाच्या शांत किनाऱ्याला लागलेली नौका’, ‘कष्टाळू हातांचा आशीर्वाद’, सगळे जिथल्या तिथे आहे. पण तुमच्याच पत्रावरून मला कळते, की हा गृहस्थ लाटांशी झुंजायला फारसा कधी गेलाच नाही. त्याचे आयुष्य वाळूवर गेले, रापणीचा दोर ओढण्यात आणि दुपारभर माडाच्या सावलीत फाटलेली जाळी सांधण्यात, आणि शेवट झाला तो इस्पितळातल्या खाटेवर. यंत्राला तुम्ही ‘मच्छीमार’ एवढाच शब्द दिला असणार, आणि मच्छीमार म्हटल्यावर जगभरच्या लिखाणात जे जे येते ते त्याने आणून दिले. ही यंत्रे प्रचंड मजकुरावर घडवलेली असतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज करत वाक्य पुढे नेतात. मच्छीमारानंतर लाट येणार, लाटेनंतर नौका येणार आणि नौकेनंतर किनारा येणार. ते लबाडी करत नाही. लबाडी करायलासुद्धा खरे काय ते आधी ठाऊक असावे लागते.

मग चर्चमध्ये लोक रडले ते खोटेच का, असे तुम्ही विचारता. मुळीच नाही. लोक रडले ते आपल्या माणसासाठी, आणि कागदावर जे नव्हते ते त्यांनी आपल्या आठवणीतून भरून घेतले. माणसाची ही सवय फार जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक साधा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला, जो समोरच्याचेच वाक्य उलटून प्रश्नाच्या रूपात परत करत असे. तो कसा चालतो याची कल्पना असूनही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले होते. ऐकणारा कोणी नसतानाही माणूस मन मोकळे करतो, मग तुमच्या चर्चमध्ये तर शंभर माणसे खांद्याला खांदा लावून बसली होती.

शब्द उसने होते, हाही दोष मी मानत नाही. तुमच्या-माझ्या प्रार्थनेतले आपले स्वतःचे शब्द असतात तरी किती? प्रभूची प्रार्थना आपण लिहिलेली नाही, स्तोत्रे आपण लिहिलेली नाहीत. १६१६ साली आपल्याच भाषेत ख्रिस्तचरित्राच्या ओव्या छापून घेणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांची पदे मराठी ख्रिस्ती माणूस आज स्वतःची म्हणून गातो. उसने शब्द माणूस आपल्या तोंडात घोळवतो, त्यांच्यामागे आपण उभा राहतो आणि मग ते त्याचे होतात.

म्हणून मी तुम्हाला विचारते, की त्या शब्दांमागे कोण उभे होते? आपल्या भाषेत ‘शब्द’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तोंडातून निघतो तो, आणि दुसरा आपण एखाद्याला देतो, पाळतो आणि ज्याला जागतो तो. यंत्राकडे पहिल्या प्रकारचे शब्द अमाप आहेत आणि दुसऱ्या प्रकारचा एकही नाही, कारण शब्द द्यायला जो ‘कोणीतरी’ लागतो, शब्द खाली पडला तर ज्याची मान खाली जाईल असा, तो तिथे नाही. शेजारणीने ‘तूच लिही’ म्हटले तेव्हा तिला उत्तम मराठीतला निबंध नको होता. तिला तुमचा शब्द हवा होता. एकोणीस वर्षे तिची मुले ज्या बाईसमोर बसली, त्या बाईने आपल्या नवऱ्याबद्दल देवासमोर काय म्हटले, हे तिला ऐकायचे होते. ते तिला अजून मिळालेले नाही, आणि त्या हसण्यामुळे ते मिळाले असे तिला वाटते आहे. माझ्या मते दोष असलाच तर त्या हसण्यात आहे, फोनमध्ये नाही. तो मोठा नाही, पण आहे.

आता काय करावे? न सांगता सोडून द्यावे, हा पहिला मार्ग आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दुःखातल्या बाईच्या हातातला कागद का काढून घ्यावा? पण फोन भाच्याचा होता, म्हणजे ही गोष्ट तुमच्या दोघांत आहे, आणि वाडीत दोघांत असलेली गोष्ट गणेशचतुर्थीपर्यंत दोघांत राहत नाही. तिला ती दुसऱ्याकडून कळली, तर तो कागद आणि तुम्ही दोन्ही तिच्यासाठी एकाच वेळी खोटे ठराल. दुसरा मार्ग तुम्हीच सुचवला आहे, फादरांकडे पापनिवेदन करून मोकळे होण्याचा. ते अवश्य करा, पण फादरांना सांगितल्याने शेजारणीचे देणे फिटत नाही. तिसरा मार्ग म्हणजे आजच जाऊन सगळे सांगून टाकणे. त्यात मला थोडी घाई दिसते. आपल्या मनावरचे ओझे उतरवून ते विधवेच्या उंबऱ्यावर ठेवण्यासारखे ते होईल.

मी तुमच्या जागी असते तर एखाद्या संध्याकाळी वही घेऊन तिच्याकडे गेले असते आणि त्याच्याबद्दल विचारले असते. रापणीचा दोर ओढताना तो कोणत्या टोकाला असायचा, हाळी कशी द्यायचा, जाळे सांधताना तोंडाने काय पुटपुटायचा, कोणत्या गोष्टीवरून चिडायचा. ती सांगेल ते तिच्याच मालवणीत लिहून घ्यायचे, सुधारायचे नाही. त्या लिखाणाची प्रार्थना होईल, आणि वर्षाच्या मिस्सेला अजून बराच अवकाश आहे. त्या दोन-तीन बैठकींत केव्हातरी बोलण्याच्या ओघात सांगा, ‘तेव्हा मला सुचलं नाही गं, मी फोनकडून लिहून घेतलं होतं. तू विचारलं होतंस मला, आणि मी तुला दिलं नव्हतं. ते आता देते आहे.’ ती रागावेल कदाचित. जुना कागद तिला ठेवायचा असेल, तर ठेवू द्या. त्या कागदावर तिचेही अश्रू आहेत.

या मार्गात एक अडचण आहे, ती लपवत नाही. तुमच्याकडे वेळ नव्हता, म्हणून तर हे सगळे झाले, आणि मी तुम्हाला आणखी वेळ काढायला सांगते आहे. पण प्रार्थना लिहायला वेळ नसेल तर ‘मला जमणार नाही, आपण स्तोत्र १३० वाचू’ असे म्हणणेसुद्धा शब्दाला धरून झाले असते. इतर वाचकांनाही माझे हेच सांगणे आहे, की सांत्वन, क्षमायाचना, आशीर्वाद आणि निरोप या चार प्रसंगी आपले तोडकेमोडके चालते, किंवा शतकानुशतके सगळ्यांचे असलेले चालते. दुसऱ्याने आपल्या नावावर नव्याने रचून दिलेले तेवढे चालत नाही, मग तो दुसरा यंत्र असो की हुशार भाचा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते, कारण त्याचे उत्तर तिथे आहे असे मला वाटते. दुसऱ्या पानावर घरची परिस्थिती सांगताना तुम्ही लिहिले आहे: ‘घरी आई आणि धाकटा भाऊ. भाऊ ४४ वर्षांचा आहे, पण त्याला जन्मापासून समज नाही, त्यामुळे त्याचा विचार यात येत नाही.’ हे तुम्ही सहज लिहिलेत, कोणीही लिहिले असते. तुमचे त्याच्यावर प्रेम आहे हे पत्रात इतर ठिकाणी दिसतेच. तरीही हे वाक्य त्या मुलाच्या प्रश्नाशेजारी ठेवून बघा. बुद्धी हीच देवाची प्रतिमा, असे तुम्ही वर्गात शिकवलेत. त्या मोजपट्टीवर यंत्र मुलाच्या पुढे गेले, म्हणून मुलगा घाबरला आहे. पण त्याच मोजपट्टीने यंत्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीच एका माणसाला तुमच्या घरातूनच बाहेर ठेवले होते आणि त्याबद्दल कोणी घाबरले नव्हते.

ही मोजपट्टी तुमची एकटीची नाही, तिच्यामागे मोठी नावे आहेत. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात माणसाच्या स्मृती, आकलन आणि इच्छा या तिन्हींत त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाची, छाया पाहिली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्रतिमेचा संबंध मुख्यतः माणसाच्या बुद्धीशी जोडला. मात्र त्यांची बुद्धी म्हणजे आकडेमोड किंवा परीक्षेतले गुण नव्हेत. सत्य ओळखून त्याच्यावर प्रेम करणारी, देवाकडे वळू शकणारी अशी ती शक्ती होती. वर्गात शिकवताना आपण हे सगळे गाळतो आणि ‘प्राण्यांना बुद्धी नाही, आपल्याला आहे’ एवढे सोपे करून टाकतो. प्राण्यांशी तुलना होती तोवर ते खपले.

बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मात्र बुद्धीचा उल्लेखच नाही. तिथे ‘प्रतिमा’ या अर्थी जो हिब्रू शब्द आहे तो ‘त्सेलेम’, आणि तोच शब्द मूर्तीसाठीही वापरला जाई. त्या काळच्या आसपासच्या मोठ्या राज्यांत देवाची प्रतिमा म्हणजे राजा. अशा जगात उत्पत्तीचा लेखक म्हणतो, की स्त्री आणि पुरुष, सगळीच माणसे ती प्रतिमा आहेत. कोणत्या गुणामुळे, ते तो सांगत नाही. देव म्हणाला, म्हणून. मघाच्या दोन अर्थांपैकी दुसरा अर्थ इथे घ्यावा असे मला वाटते: प्रतिमा हा देवाने माणसाला दिलेला शब्द आहे. आपण तो मिळवलेला नाही, त्यामुळे कोणी आपल्यापेक्षा हुशार निघाले म्हणून तो काढून घेतला जात नाही.

चर्चनेही अलीकडे हे स्पष्टपणे मांडले आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या संत थॉमस अक्वायनस यांच्या सणाच्या दिवशी, व्हॅटिकनच्या दोन विभागांनी मिळून ‘अँटिक्वा एत नोव्हा’ नावाचे ११७ परिच्छेदांचे टिपण काढले. कृत्रिम बुद्धिमत्ता हा मानवी बुद्धीचा कृत्रिम नमुना समजू नये, ती मानवी बुद्धीने घडवलेली वस्तू आहे, असे त्यात म्हटले आहे. माणसाचे मोल त्याच्या कौशल्यांवर, आकलनशक्तीवर किंवा यशावर अवलंबून नसून तो देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला यावर आहे, आणि म्हणून न जन्मलेले मूल, शुद्धीवर नसलेला रुग्ण किंवा थकलेला वृद्ध यांचे मोल तसूभरही उणे होत नाही, असेही ते टिपण सांगते. कॅथलिक नसलेले ख्रिस्तीही इथे फार दूर नाहीत. अमेरिकेतील इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांमधील एक प्रवाह) नेत्यांनी एप्रिल २०१९ मध्ये काढलेल्या निवेदनाचे पहिलेच कलम देवाच्या प्रतिमेविषयी आहे आणि माणसाची ओळख किंवा प्रतिष्ठा यंत्राला देता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

मुलगा हुशार दिसतो, तो एवढ्यावर थांबणार नाही. ‘देवाने उद्या यंत्राला आत्मा द्यायचा ठरवला तर?’ असे तो विचारील. विचारू द्या, कारण प्रश्न जुना आहे आणि सभ्यही आहे. संगणकशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक ॲलन ट्युरिंग यांनी १९५० सालच्या आपल्या प्रसिद्ध लेखात ‘धर्मशास्त्रीय आक्षेप’ असे शीर्षक देऊन याच मुद्द्याला उत्तर दिले आहे. देव सर्वशक्तिमान आहे असे म्हणायचे आणि वर तो यंत्राला आत्मा देऊ शकत नाही असेही म्हणायचे, हे कसे, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. माझे उत्तर असे, की देवाच्या हाताला मर्यादा घालणारी मी कोणी नाही, पण यंत्राविषयी त्याने असा शब्द दिल्याचे आपल्यापाशी काही नाही. ज्यांच्याविषयी दिला आहे, त्यांच्याशी तरी आपण त्या शब्दाला जागून वागतो का, हा प्रश्न आधी सोडवायचा आहे.

आणि इथे एक सावधगिरी. मुलाला उत्तर देताना ‘यंत्राला बुद्धी आहे पण भावना नाहीत, आपल्याला आहेत, म्हणून आपण वेगळे’ असे सांगायचा मोह होईल. तो टाळा. ‘यंत्राला सर्जनशीलता नाही’ हेही सांगू नका. ही विधाने आज खरी असोत वा नसोत, त्यांत मोजपट्टी तीच राहते, फक्त खुणा बदलतात, आणि प्रत्येक खुणेशी कोणीतरी माणूस कमी पडतोच. तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर आणखी एक वाक्य आहे. शेजारचे गृहस्थ गेले त्या रात्री तुमचा भाऊ जाऊन शेजारणीच्या बाजूला बसला, तिच्या पदराचे टोक मुठीत धरून पहाटेपर्यंत बसला, उठवले तरी उठेना, आणि तुम्हाला लोकांसमोर ओशाळल्यासारखे झाले. ते वाचून मलाही वाटले, की आता लिहून टाकावे, खरी प्रार्थना तर त्याने केली. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने म्हटलेच आहे, की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. त्या रात्री तसे काही तिथे झाले असेल, असे मी मानते.

पण त्याला संत करायला मी धजत नाही. तो कधी हट्ट करत असेल, जेवण सांडत असेल, रात्री-अपरात्री ओरडत असेल, तुमची उमेदीची वर्षे त्याच्यापायी गेली असतील. त्या रात्री तो शेजारणीकडे न जाता घरी घोरत पडला असता, तरी त्याच्यातली प्रतिमा रतीभरही कमी झाली नसती. ‘देवाचं माणूस’ म्हणून अशा व्यक्तींना आपण उंच फळीवर बसवतो, तीही त्यांना बाजूला ठेवण्याचीच एक तऱ्हा आहे.

तेव्हा वर्गात मुलांना व्याख्या देण्याऐवजी एक साधा प्रश्न द्या. गावातल्या ज्या माणसांकडून कोणालाच काही फायदा नाही अशी दोन नावे मनात आणायची, बोलायची नाहीत, आणि त्यांच्याशी गेल्या आठवड्यात आपण कसे वागलो ते आठवायचे. त्या मुलाला हेही सांगा, की त्याची भीती फुकाची नाही. दहावीच्या वर्षात ज्याला रोज गुणांनी मोजले जाते, त्याला आपल्यापेक्षा जास्त गुण मिळवणारे यंत्र दिसले तर तो बिचकणारच. तो दोष त्याचा नाही. आपण मोठ्यांनी, शाळेने आणि चर्चनेही, त्याला दुसरे काही मोजलेले दाखवलेच नाही.

तिसरा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तुमचे चुलतभाऊ सैतान म्हणतात तेव्हा ते घाबरलेले असतात आणि त्यांच्या भीतीत थोडे तथ्य आहे. स्तोत्र ११५ मध्ये मूर्तींविषयी म्हटले आहे, की त्यांना तोंड असून बोलता येत नाही आणि डोळे असून दिसत नाही. व्हॅटिकनच्या त्याच टिपणात या स्तोत्राचा आधार घेऊन असा इशारा दिला आहे, की एआय हे जुन्या मूर्तींपेक्षा अधिक भुरळ घालू शकते, कारण ते बोलते, निदान बोलल्याचा भास तरी निर्माण करते. पण पूजा करणारा आपण असतो. अवजाराला सैतान म्हटले की आपली जबाबदारी सुटते, म्हणून मला तो शब्द पटत नाही.

आपल्या किनाऱ्यावर यंत्राचा खरा प्रश्न काय असतो, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको. ट्रॉलर आले, पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणारी मोठी जाळी) आले, मासे ओढून घेणारे एलईडी दिवे आले. त्यांना मासे जास्त मिळतात की नाही, यावर कधीच वाद नव्हता. वाद होता तो रापणवाल्याच्या वाट्याला काय उरते यावर. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी दोनच दिवसांनी कार्डिनलांना आपले नाव निवडण्यामागचे कारण सांगितले, तेही याच जातीचे होते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली औद्योगिक क्रांतीच्या काळात कामगारांच्या बाजूने परिपत्रक काढले, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे तसेच आव्हान उभे आहे, असे ते म्हणाले. चुलतभावांना हे सांगून बघा, सैतानापेक्षा हे त्यांना जास्त पटेल असा माझा अंदाज आहे.

युवक मंडळाला मात्र काम करू द्या, थोडी कुंपणे घालून. मिस्सेच्या वेळा, सहलीची पत्रके, इंग्रजी परिपत्रकाचे कच्चे भाषांतर यांना माझी काहीच हरकत नाही. फक्त भाषांतर दोन जाणत्या माणसांच्या नजरेखालून गेले पाहिजे, आणि पवित्र शास्त्रातला संदर्भ यंत्राने दिला असेल तर तो पुस्तक उघडून पाहिलाच पाहिजे, कारण नसलेली वचनेही ते पूर्ण आत्मविश्वासाने देते. भाविकांच्या प्रार्थना शक्यतो वाडीवाडीतून आलेल्या असाव्यात, मग मराठी कच्ची असली तरी चालेल. आणि एक नियम कडक ठेवा: कोणाचा आजार, कोणाच्या घरातले भांडण, कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट फोनमधल्या त्या चौकटीत टाकायची नाही. ती कुठे जाते आणि किती दिवस राहते, ते आपल्या हातात नसते.

धर्मगुरूची जागा यंत्राने घ्यावी, असे तुमच्याकडे कोणी म्हणत नाही, तरी वाचकांच्या करमणुकीसाठी सांगते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक संस्थेने प्रश्नांची उत्तरे देणारे ‘फादर जस्टिन’ नावाचे एआय पात्र तयार केले होते. लोकांनी इतकी टीका केली, की काही दिवसांतच त्याचा झगा आणि ‘फादर’ ही उपाधी काढून घेऊन त्याला साधा जस्टिन करावे लागले. दीक्षा न घेतलेल्याची दीक्षा काढून घेण्याचा असा प्रसंग चर्चच्या इतिहासात बहुधा पहिलाच असावा.

आता शेवटचे, जे तुम्ही विचारलेले नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही ओघात लिहिले आहे, की भावाचा बाप्तिस्मा झाला, पण त्याच्या वयाच्या मुलांबरोबर त्याला पहिला ख्रिस्तप्रसाद दिला गेला नाही, कारण ‘त्याला काय कळणार’ असे त्या वेळी सगळ्यांना वाटले, आणि पुढे तो विषय राहूनच गेला. तो विषय पुन्हा काढा. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतील ७७७ वे कलम शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्यांनाही, त्यांना झेपेल तेवढे, धर्मशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी धर्मग्रामाच्या फादरांवर टाकते. तेव्हा त्याच्याकडून प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यायची नाहीत. तो संध्याकाळी तुमच्याबरोबर अंगणातल्या खुरसापाशी (क्रुसापाशी) मेणबत्ती लावायला येतो, असे तुम्ही लिहिले आहे. तिथूनच सुरुवात करा, आणि फादरांशी बोलायला जाताना त्याला बरोबर घेऊन जा. त्याचे नाव तुम्ही चार पानांत कुठेच लिहिलेले नाही. मला कळवू नका, इथे ते छापता येणार नाही, पण वर्गाच्या हजेरीत घाला.